पडक्या भिंतींचे टेक्स्चर: पॉली हेवन गढीच्या मॉडेलवर लावून बघितलं

बीडकडच्या एका पडक्या गढीचं मॉडेल करायलोय ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, त्यासाठी भिंतींचे ढीगभर सीमलेस टेक्स्चर (म्हणजे मॉडेलवर चिकटवायची चित्रं, शेजारीशेजारी लावली तरी जोड न दिसणारी) चाळले आणि शेवटी पॉली हेवन या साईटवर थांबलो. जुने वाडे, माळवदाची घरं, ढासळलेले बुरूज असलं काही बनवणाऱ्यांनी वाचा, बाकीच्यांना बोअर होईल.

साईट फुकट आहे म्हणजे खरंच फुकट आहे, लॉगिन नाही काही नाही, सीसी झिरो लायसन्स म्हणजे बनवणाऱ्यानं हक्कच सोडून दिलेले, गेममध्ये टाका, क्लायंटच्या कामात टाका, नाव द्यायची पण सक्ती नाही. २०२१ मध्ये एचडीआरआय हेवन, टेक्स्चर हेवन आणि थ्रीडी मॉडेल हेवन एकत्र करून ही साईट झाली.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर टेक्स्चर खऱ्या भिंतीच्या किती मीटर तुकड्याचं आहे ते तिथंच लिहिलेलं असतं. ही गोष्ट लोक बघतच नाहीत आणि मग विटा दाराएवढ्या दिसायला लागतात. साधा हिशोब आहे, आपली ९ इंची वीट सांध्यासकट साधारण २३ सेंटीमीटर धरा, म्हणजे २ मीटरच्या टाईलमध्ये (टेक्स्चरचा एक चौकोन) एका ओळीत आठ-नऊ विटा आल्या पाहिजेत, चारच दिसायल्या तर स्केल चुकलंय. जुन्या वाड्यांच्या विटा तर अजून चपट्या, तिथं अजून जपून.

आता खरा मुद्दा. टेक्स्चर कितीही भारी असू द्या, सीमलेस आहे म्हणून सगळ्या भिंतीला फासलं की काम बिघडलं. गढीची भिंत धरा १२ मीटर लांब, ४ मीटर उंच, २ मीटरची टाईल लावली की तीच एक टाईल १२ वेळा येती, आणि त्यात गिलाव्याचा एखादा मोठा पोपडा निघालेला असला की तो साडीच्या छापासारखा ओळीनं दिसतो, शिवण दिसत नाही पण फसवणूक लगेच दिसते. म्हणून माझं मत असं की जास्त पडझड असलेलं टेक्स्चर मेन म्हणून घ्यायचंच नाही. बेसला किरकोळ चिरा असलेला साधा गिलावा घ्या, दुसरं विटा किंवा दगड उघडे पडलेलं घ्या, आणि दोन्ही मास्कनं (कुठं कोणतं टेक्स्चर दिसावं ते ठरवणारं काळं-पांढरं चित्र) मिक्स करा. मास्कमध्ये नॉईज म्हणजे आपोआप बनणारे वेडेवाकडे डाग टाका पण नुसता नॉईज नको, थोडं हातानं रंगवा, कारण भिंत कुठंही खराब होत नाही, तिला कारण लागतं.

आपल्याकडं ते कारण काय असतं ते बघा. खाली जमिनीतून ओल वर चढती, पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी सुकलं की क्षार आतच साचतात आणि गिलावा आतून ढकलून पाडतात, यालाच लोणा लागणं म्हणतात, म्हणून पायथ्याला गुडघाभर पट्टा भुगा होऊन गळालेला दिसतो. वर पागोळ्या किंवा फुटका पन्हाळ असेल तिथून काळे ओघळ खाली येतात. पावसात काळ्या मातीचे शिंतोडे उडून तळाला मळकट रेघ बसती. कोपरे बैलगाड्या घासून गोल झालेले. एवढं मास्कमध्ये आणलं की तेच फुकटचं टेक्स्चर एकदम बीड-धाराशिवकडचं दिसायला लागतं. हिरवं शेवाळ असलेली टेक्स्चर मात्र आपल्या गढीला शोभत नाहीत, भिंत लगेच कोकणातली वाटती, शेवाळ न्हाणीच्या मागं ठेवा फारतर. आणि ओल दाखवायची असेल तर नुसता रंग गडद करून भागत नाही, तिथला रफनेस म्हणजे खरखरीतपणा पण कमी करा, म्हणजे थोडी चमक येईल.

एका ठिकाणाहून विकतचा पॅक पण घेतला होता, नाव घेत नाही, त्यात कलर मॅपमध्येच (टेक्स्चरमधलं नुसत्या रंगाचं चित्र) उन्हाच्या सावल्या आलेल्या होत्या. सीनमध्ये सूर्य दुसऱ्या बाजूला ठेवला की प्रत्येक चिरेला दोन सावल्या, पैसे गेले. म्हणून घेण्याआधी नुसता कलर मॅप उघडून बघत जा, तो सपाट आणि निर्जीव दिसला तरच चांगला.

पॉली हेवनवर नॉर्मल मॅप (खड्डे-उंचवट्यांचा भास देणारं चित्र) ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स अशा दोन्ही पद्धतींचा मिळतो, ब्लेंडरला ओपनजीएलवालाच घ्या, अनरीअल या गेम इंजिनला दुसरा. उलटा लावला तर खड्डे फुगवटे वाटतात आणि माणूस लाईटला दोष देत बसतो. नॉर्मल, रफनेस, डिस्प्लेसमेंट (पृष्ठभाग खरोखर वरखाली करणारा मॅप) तिन्हीला ब्लेंडरमधली कलर स्पेस ही सेटिंग नॉन-कलर ठेवा, कारण हे रंग नाहीत, आकडे आहेत.

८के (साधारण ८ हजार पिक्सेल रुंद चित्र, ४के त्याच्या निम्मं) च्या मोहात पडू नका राव. साधा ८ बिटचा ४के मॅप मेमरीत उघडला की ६४ एमबी खातो, ८के चा २५६ एमबी, असे चार मॅप म्हणजे १ जीबी, आणि ते एकाच मटेरियलचे. माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, त्यावर लांबच्या भिंती २के आणि कॅमेऱ्याजवळची एक भिंत ४के असं ठेवलं तर रेंडर नीट निघतो. डिस्प्लेसमेंट पण त्या जवळच्या भिंतीलाच द्या, बाकीच्यांना नॉर्मल मॅप पुरतो.