सर्किटपासून शाफ्टकडे, की शाफ्टपासून सर्किटकडे?

मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने विजेची सर्किट्स आणि मशीन्स कुठून शिकायला सुरुवात करावी, हे एका प्रसंगावरून सांगतो. ओतकामाचा कारखाना, म्हणजे फाउंड्री, आणि तिचा सँड प्लँट. दुपारी लाइट गेली आणि दहा मिनिटांनी आली. तेवढ्या वेळात बेल्ट कन्व्हेयर वाळूने भरलेला तसाच उभा. ऑपरेटरने हिरवं बटण दाबलं, स्टार-डेल्टा स्टार्टरचा (मोटरला आधी स्टारमध्ये कमी आणि मग डेल्टामध्ये पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या स्टार्टरचा) कॉन्टॅक्टर खटकन बसला, मोटर नुसती घुमत राहिली. बेल्ट जागचा हलेना. टायमर संपून डेल्टा लागला तेव्हा असा हिसका बसला की व्ही-बेल्ट किंचाळले. दुसऱ्या प्रयत्नात फ्यूज गेला. शेवटी चार माणसांनी फावड्यांनी बेल्ट रिकामा केला.

मी तेव्हा मेकॅनिकलचा नवा ट्रेनी. गिअरबॉक्सचं तेल बघितलं, बेअरिंगला हात लावून बघितला, रोलर फिरवून बघितले. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मोटर ओके आहे." मी म्हणालो, "गिअरबॉक्सही ओके आहे." दोघंही खरं बोलत होतो, आणि बेल्ट मात्र उभा होता.

ही मोटर ७.५ किलोवॅटची, म्हणजे १० एचपीची. नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट, १४ अँपिअर, १४५५ आरपीएम. किलोवॅटला ९५५० ने गुणा, आरपीएमने भागा: पूर्ण लोडवरचा टॉर्क साधारण ४९ न्यूटन-मीटर. अशी मोटर थेट लाइनवर टाकली तर सुरुवातीला त्याच्या दुप्पट, म्हणजे ९८ च्या आसपास टॉर्क देते असं धरा. स्टारमध्ये त्याचा एक तृतीयांश उरतो: ३३. भरलेला बेल्ट जागचा हलवायला लागत होते पन्नास-साठ. एवढाच हिशेब होता. टॉर्क माझ्या विषयातला, एक तृतीयांश इलेक्ट्रिशियनच्या विषयातलं, म्हणून तो हिशेब कोणीच केला नाही.

तुम्ही मेकॅनिकलचे विद्यार्थी असाल आणि सर्किट्स-मशीन्सचा विषय नेमका कशातून शिकायचा हे ठरवत असाल, तर माझ्या मते वाटा चार आहेत: पुस्तक, एनपीटीईएलची ऑनलाइन लेक्चर्स, सिम्युलेटर आणि रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींमध्ये नवी तार भरणारं दुकान. चारही वाटांना हाच बेल्टचा प्रश्न विचारून बघू.

पुस्तक

पुस्तकांचा क्रम ठरलेला असतो. ओहम, किरचॉफ, थेवेनिन यांचे सर्किटचे नियम, मग एसी, फेझर (एसीची राशी दाखवणारा फिरता व्हेक्टर), थ्री-फेज, ट्रान्सफॉर्मर, डीसी मशीन आणि सगळ्यात शेवटी इंडक्शन मोटर. इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी हा क्रम चोख आहे. आपली गोची अशी की कारखान्यात पहिल्या दिवशी जी भेटते ती मोटर शेवटच्या युनिटमध्ये असते, आणि तिथवर पोचेपर्यंत सबमिशन आलेलं असतं. आपण थेवेनिनची वीस गणितं सोडवतो आणि इंडक्शन मोटरच्या वाट्याला एक आकृती व दोन थिअरीचे प्रश्न येतात.

पण बेल्टचं पूर्ण उत्तर पुस्तकातच मिळतं. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगवर लाइन व्होल्टेज भागिले वर्गमूळ तीन, म्हणजे ४१५ ऐवजी सुमारे २४० व्होल्ट येतात. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून एक तृतीयांश. लाइनचा करंटही एक तृतीयांश, आणि त्याच्यासाठीच तर स्टार्टर बसवला होता. करंट वाचवला तेवढाच टॉर्क घालवला. हे चार ओळींत कागदावर मांडायला दुसरी कुठलीच वाट शिकवत नाही.

परीक्षेच्या आधी झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या गाइडना मी पुस्तक म्हणत नाही. त्यांनी पेपर सुटतो, आणि मीही त्यांच्यावरच सुटलो. बेल्टसमोर उभा होतो तो हाच सुटलेला माणूस.

एनपीटीईएल

आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीचा हा उपक्रम २००३ पासूनचा. लेक्चर्स फुकट, फक्त प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तर फी. शिकवणारे पक्के असतात. फेझर म्हणजे काय हे मला दुसऱ्यांदा आणि खऱ्या अर्थाने तिथेच कळलं.

एक खड्डा मात्र टाळा. यादीत "मशीन्स" दिसलं की आपण क्लिक करतो, आणि तो कोर्स निघतो इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाचा. तिसऱ्या आठवड्यात मॅग्नेटिक सर्किटच्या गणितात अडकून सोडून देतो. आपल्यासाठी बेसिक इलेक्ट्रिकलचा कोर्स, आणि त्यातही मशीन्सची लेक्चर्स आधी. दुसरी अडचण स्वभावाची: दीडपट वेगाने ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. फळ्यावरची गणना थांबवून स्वतः करणारे मी फार थोडे बघितलेत.

सिम्युलेटर

ब्राउझरमध्ये चालणारं फाल्स्टॅडचं सर्किट सिम्युलेटर किंवा फुकट मिळणारं एलटीस्पाइस, दोन्ही सर्किटसाठी झकास. करंटचे ठिपके तारेतून पळताना दिसतात, कपॅसिटर भरताना दिसतो. मशीनसाठी मात्र मी तयार मॉडेलच्या नादी लागणार नाही. त्यापेक्षा सायलॅब या फुकट गणिती सॉफ्टवेअरमध्ये इंडक्शन मोटरच्या इक्विव्हॅलंट सर्किटवरून वीस ओळींचा प्रोग्राम लिहा आणि टॉर्क-स्पीडचा आलेख काढा. मग व्होल्टेज वर्गमूळ तीनने भागून दुसरा आलेख, आणि दोन्हींवर बेल्टची आडवी रेघ. स्टारचा आलेख सुरुवातीलाच त्या रेघेखाली राहतो. आमची दुपार त्या एका चित्रात आहे. कोडिंगची भीती असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात असे धडे आहेत, अनेक विषयांचे मराठीतही.

दुकान

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यात शेतीचे पंप, लूम आणि फाउंड्र्या मिळून इतक्या मोटरी जळतात की रिवायंडिंगचं दुकान शोधावं लागत नाही. मी ज्यांच्याकडे जात होतो त्या मामांचं शिक्षण आठवी. दोन शनिवार बसू द्याल का विचारलं, तर म्हणाले, "बस की. नुसता बसू नको पण, तार धर."

पहिल्या शनिवारी एक जळालेला स्टेटर उघडला. करपलेल्या व्हार्निशचा वास अंगाला चिकटतो, घरी जाईपर्यंत जात नाही. जुनी कॉइल कापायच्या आधी मामांनी वहीत डेटा लिहिला: ३६ खाचा, ४ पोल, पिच ८-१०-१२, तारेचं गेज, टर्न. मग म्हणाले, "बघ, दोन फेज काळ्या, एक लाल तांबं. ही स्टारची मोटर, आणि एक फेज गेल्यावरही चालू राहिली." डेल्टाची असती तर उलट: एक फेज करपलेली, दोन शाबूत. सिंगल फेजिंगचा हा पुरावा मी नंतर पुस्तकात शोधला. समीकरणात होता, फोटोत नव्हता.

नवी कॉइल भरताना पहिली फेज १ नंबरच्या खाचेतून सुरू झाली, दुसरी ७ मधून, तिसरी १३ मधून. मी बोटांवर हिशेब केला. ३६ खाचा, ४ पोल. एका पोलला ९ खाचा म्हणजे १८० विद्युत अंश, एका खाचेला २०. सहा खाचा म्हणजे १२०. पुस्तकात तीन साइन लहरी १२० अंशांवर काढलेल्या असतात ते १२० अंश इथे तांब्यात, सहा खाचा मोजून, मामांच्या अंगठ्याखाली होते.

दुसऱ्या शनिवारी रोटर न घालता स्टेटरला डिमरस्टॅटमधून (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून) कमी व्होल्टेजवर थ्री-फेज दिली आणि मामांनी आत बेअरिंगमधली एक गोळी सोडली. गोळी आतल्या भिंतीला चिकटून गोल गोल पळायला लागली. सप्लाय बंद करून दोन तारा अदलाबदल केल्या, गोळी उलटी पळाली. फिरतं चुंबकीय क्षेत्र दाखवणारी ॲनिमेशन मी बरीच बघितली होती, पण त्या गोळीचा आवाज आजही कानात आहे. (हा प्रयोग घरी करू नका. ४१५ व्होल्ट दुसरी संधी देतातच असं नाही.)

आता बेल्टचा प्रश्न. मामा म्हणाले, "स्टारमध्ये मोटरला दम नसतोय. बेल्ट रिकामा कर अन् मग दाब बटण." उत्तर बरोबर. पण दम किती कमी? एक तृतीयांश की निम्मा? मोटर १५ एचपीची घेतली तर भागेल का? तिथे मामा थांबतात. पॉवर फॅक्टरचंही तसंच: "कपॅसिटर लावला की बिल कमी येतंय," एवढ्यावर विषय संपतो. हवं ते गेज नसलं तर जवळचं भरतात, मोटर चालते, पण ती आता किती गरम राहील याचा हिशेब दुकानात होत नाही. म्हणून फक्त दुकानात शिकलेला मेकॅनिकलवाला मला थोडा धोक्याचा वाटतो. त्याला उत्तरं येतात, पण आकडा येत नाही.

आपल्याकडे आधीच असलेली शिदोरी

व्हायब्रेशनमध्ये आपण वस्तुमान, डॅम्पर आणि स्प्रिंगचं समीकरण सोडवतो. तेच समीकरण इंडक्टर, रेझिस्टर, कपॅसिटरच्या सर्किटचं आहे: वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स, डॅम्पिंगच्या जागी रेझिस्टन्स, स्प्रिंगच्या ताठपणाच्या जागी कपॅसिटन्सचा व्यस्त. रेझोनन्स तोच, फेजचा कोन तोच. फेझर म्हणजे आपला फिरता व्हेक्टरच. विद्युत अभियंता स्टाइनमेट्झने १८९३ मध्ये एसीच्या गणितात संमिश्र संख्या आणल्या त्या आपल्यासारख्यांचा त्रास वाचवायला, वाढवायला नव्हे.

एक गाठ तेवढी माहीत असू द्या. बल म्हणजे व्होल्टेज मानलं की समांतर जोडलेले स्प्रिंग-डॅम्पर सर्किटमध्ये सिरीजमध्ये येतात आणि डोकं फिरतं. फायरस्टोनने १९३३ मध्ये बलाला करंट आणि वेगाला व्होल्टेज मानून ही उलटापालट टाळली. सर्किट काढताना मला तीच पद्धत सरळ वाटते.

घरी करण्यासारखं एक काम: भंगारातल्या प्रिंटरमधली छोटी डीसी मोटर मिळवा. तारा मोकळ्या ठेवून शाफ्ट बोटांनी फिरवा, मग दोन्ही तारा एकमेकींना जोडून फिरवा. दुसऱ्या वेळी शाफ्ट मधात फिरल्यासारखा जड लागतो. फिरवल्याने व्होल्टेज तयार झालं, त्याने करंट वाहिला, करंटने उलटा टॉर्क दिला. अशा दोन मोटरी तारांनी जोडल्या तर एक हाताने फिरवताच दुसरीही वळते. मोटरच्या स्थिरांकाचा आकडा न्यूटन-मीटर प्रति अँपिअरमध्ये आणि व्होल्ट प्रति (रेडियन प्रति सेकंद) मध्ये एकच का येतो, हे यानंतर वेगळं पाठ करावं लागत नाही.

मग निवड कशी करायची

परीक्षा तीन आठवड्यांवर असेल तर वाद नको: पुस्तक आणि जुने पेपर. दुकान सुट्टीत.

गेटच्या मेकॅनिकल पेपरसाठी विचारत असाल, तर त्याच्या अभ्यासक्रमात सर्किट्स आणि मशीन्स नाहीतच. त्या वर्षात यावर वेळ घालू नका. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या एनर्जी मॅनेजर-ऑडिटर परीक्षेचं उलट आहे. तिथे तिसरा पेपर विजेच्या यंत्रणांचा, आणि मेकॅनिकलचे बरेच जण तिथेच धापा टाकतात. त्यांच्यासाठी पुस्तक आणि कारखान्यातली नेमप्लेट ही जोडी.

ईव्ही किंवा रोबोटिक्सकडे जाणार असाल तर लेक्चर्स आणि सायलॅब यांना पर्याय नाही. तिथे मोटर कंट्रोलरने चालते आणि टॉर्क थेट करंटवरून मोजला जातो. फेझरला बगल देणाऱ्यांची तिथे सहाव्या महिन्यात अडचण होते.

मेंटेनन्स किंवा प्रॉडक्शनमध्ये जाणार असाल, आणि आपल्यातले बहुतेक जण तिथेच जातात, तर क्रम उलटा लावा. आधी दोन शनिवार दुकानात. मग पुस्तक उघडा ते इंडक्शन मोटरच्या प्रकरणावर. अडलं की मागे थ्री-फेजला जा, तिथे अडलं की फेझरला, आणि गरज पडली तरच थेवेनिनला. माझा अनुभव असा की थेवेनिनपर्यंत मागे जायची वेळ फार क्वचित येते. विद्यापीठाला हा क्रम मान्य नसेल, पण विद्यापीठ सँड प्लँटमध्ये येत नाही.

आमच्या त्या कन्व्हेयरला पुढे व्हीएफडी, म्हणजे मोटरच्या सप्लायची फ्रिक्वेन्सी बदलणारा ड्राइव्ह, बसला. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी एकाच प्रमाणात चढवत तो मोटर शून्यापासून उचलतो, त्यामुळे भरलेला बेल्टही हिसका न देता निघतो. बसवणाऱ्या माणसाने कीपॅड माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "नेमप्लेट वाचून भरा." मी भरलं: ७.५, ४१५, १४, ५०, १४५५. पाचही आकडे कुठून आले ते त्या दिवशी मला माहीत होतं.