अँथ्राक्विनोन लावलेला ओलिगो मागवला, त्याचा अनुभव (४/५)

डीएनएमधून चार्ज कसा पळतो यावर माझं काम आहे, त्यासाठी या कंपनीकडून टोकाला अँथ्राक्विनोन (लाइट पडला की इलेक्ट्रॉन ओढणारा रेणू) लावलेला ओलिगो (डीएनएचा बनवून घेतलेला छोटा तुकडा) आणि त्याची जोडीदार स्ट्रँड असं दोनदा मागवलं आणि दोन्ही वेळचा अनुभव इतका वेगळा की लिहायलाच बसले.

पहिल्यांदा बजेट कमी म्हणून नुसतं डिसॉल्टेड, म्हणजे फक्त मीठ काढलेलं, घेतलं. जेल लावलं (त्यात डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात) तर ज्या लेनला लाइट दिलाच नव्हता तिच्यातसुद्धा वरपासून खालपर्यंत शिडीसारखे फिकट बँड! सिंथेसिसमध्ये अर्धवट राहिलेले तुकडे ते. आमच्याकडे तुटलेला तुकडा हाच रिझल्ट असतो, मग आधीचेच तुकडे मधे आले तर वाचायचं काय?

दुसऱ्यांदा एचपीएलसी, म्हणजे अर्धवट तुकडे वेगळे काढणारं शुद्धीकरण, करून घेतलं, सोबत मास रिपोर्ट (रेणूच्या वजनाचा) आला, आणि काय सुंदर जेल आलं! डार्क (लाइट न दिलेली) लेन एकदम स्वच्छ, आणि ३५० नॅनोमीटरचा लाइट देऊन गरम पिपरिडीन (खराब बेसपाशी डीएनए तोडणारं रसायन) केलेल्या लेनमध्ये बरोबर जीजीपाशी (लागोपाठ दोन जी, म्हणजे ग्वानिन बेस), त्यातही स्ट्रँडच्या ५ प्राइम टोकाकडच्या जीवर, ठळक काळा बँड. बेस एकावर एक ३.४ अँगस्ट्रॉमवर रचलेले असतात, लाइट पडला की अँथ्राक्विनोन शेजारच्या बेसचा इलेक्ट्रॉन ओढतो, ती रिकामी जागा म्हणजे होल उड्या मारत पुढे जातं आणि जीजीवर अडकतं, कारण चार बेसमध्ये इलेक्ट्रॉन सगळ्यात सहज जीच सोडतो, मग तिथे पाणी, ऑक्सिजन लागून तो जी खराब होतो. १९९६ ला कॅलटेकमध्ये जॅकलिन बार्टन यांच्या ग्रुपने रोडियम कॉम्प्लेक्स वापरून असं डॅमेज ३७ अँगस्ट्रॉम लांब दाखवलं होतं. घाव एकीकडे आणि जखम दुसरीकडे, दरवेळी बघताना अंगावर काटा येतो खरंच. (८-ऑक्सोजी, म्हणजे खराब झालेल्या जीचा एक प्रकार, बघायचा असेल तर नुसत्या पिपरिडीनवर राहू नका, तो त्याने नीट तुटत नाही, त्याच्यापाशी डीएनए कापणारं एफपीजी एन्झाइम घ्या. आणि तो बघायलाच हवा, डीएनए कॉपी होताना तो ए बेसशी जोडी जमवतो आणि जीच्या जागी टी येतो.)

एक स्टार कापला तो उशिरासाठी. सांगितलेल्या तारखेनंतर तीन आठवड्यांनी पार्सल आलं, फोन केला की "उद्या निघेल". पी-३२ या रेडिओअ‍ॅक्टिव्ह फॉस्फरसची हाफ लाइफ १४ दिवसांची, ओलिगोला लेबल करायला आणलेला माल फ्रीजरमध्येच निम्म्याहून कमी झाला. तेव्हा ओलिगो हातात पडल्यावरच पी-३२ मागवा.