फिअर्स की फेरोशस?

मराठीतून इंग्रजीत लिहिताना ‘उग्र’, ‘हिंस्र’, ‘कडवा’ असे शब्द आले की हात अडतो. शब्दकोश फिअर्स, फेरोशस आणि सॅव्हेज असे तिन्ही शब्द पुढे ठेवतो. त्यातला कुठला उचलायचा, हे त्यांचं कूळ पाहिलं की बरंच सोपं होतं.

पहिले दोन सख्खे आहेत. दोघांचं मूळ लॅटिन ‘फेरुस’, म्हणजे रानटी, न माणसाळलेला. (लोखंडाचा ‘फेरुम’ वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.) फिअर्स तेराव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. वाटेत त्याला शौर्याची आणि ताठ मानेची छटा चिकटली. आजच्या फ्रेंचमध्ये तर ‘फिएर’ म्हणजे अभिमानी. इंग्रजीतही तो सुरुवातीला शूर, मानी अशा अर्थाने वापरला जाई. म्हणूनच आजही तो कौतुकात शोभतो. कडवी निष्ठा, अटीतटीची लढत, जहाल टीकाकार, लेकरासाठी कुणाशीही भिडणारी आई, या सगळ्यांना फिअर्सच हवा.

फेरोशस आला सतराव्या शतकात, विद्वानांच्या लेखणीतून, थेट लॅटिन ‘फेरॉक्स’वरून. यातला शेवटचा तुकडा मला फार आवडतो. तो ‘पाहणे’ या अर्थाच्या प्राचीन धातूतून आल्याचं मानलं जातं, आणि आपल्या गवाक्ष, मीनाक्षी या शब्दांतली संस्कृत ‘अक्षि’ त्याच घराण्यातली. म्हणजे फेरॉक्स हा मुळात रानटी नजरेचा, दिसताक्षणी धडकी भरवणारा. लॅटिनमध्ये त्यालाही मानी, लढाऊ अशी बाजू होती, पण इंग्रजीत ती फारशी उतरली नाही. तिथे दात, नखं आणि झडपच उरली. अंगावर धावून येणारा कुत्रा, हिंस्र हल्ला, झाडं उन्मळून टाकणारं वादळ इथे फेरोशस नेमका बसतो. निष्ठेला तो लावला, तर वाचकाला ती अंगावर आल्यासारखी वाटेल.

सिंहाला दोन्ही चालतात. त्याचा दरारा सांगायचा असेल तर फिअर्स, झेप सांगायची असेल तर फेरोशस. नामांचा तोल मात्र उलटा आहे. फिअर्सनेस बरोबर असला तरी लिखाणात फेरॉसिटीच जास्त भेटते, आणि वादळाची किंवा लढाईची तीव्रता सांगायला मीही तोच शब्द घेईन.

सॅव्हेजचं मूळ लॅटिन ‘सिल्वा’, म्हणजे अरण्य. निर्दय हल्ल्याला किंवा झोडपून काढणाऱ्या टीकेला तो लागू पडतो. माणसांच्या समूहाला मात्र कधीही लावू नका. 1776 च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात तिथल्या मूळ रहिवाशांना हाच शब्द, ‘निर्दय’ या विशेषणासह, लावलेला आहे. वसाहतींच्या काळातला तो अपमान अजून पुसलेला नाही. आदिवासींविषयीचा मराठी मजकूर इंग्रजीत नेणाऱ्याने तर हा शब्द आपल्या मसुद्यात शिरूच देऊ नये.