एक सर्व्हर, दोन डोमेन: आयपी एक की दोन, पोस्टफिक्स एक की दोन?

इंदूरच्या रामबागेतल्या एका सीए ऑफिसची आणि भंवरकुआंतल्या एका कोचिंग क्लासची मेल मी बरेच दिवस एकाच भाड्याच्या सर्व्हरवर चालवली. मेल पाठवणारं-घेणारं पोस्टफिक्स एक, मेलबॉक्स सांभाळणारं डोव्हकॉट एक, आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा नंबर) एक. मग एका संध्याकाळी क्लासवाल्यांनी नव्या बॅचची जाहिरात आपल्या सगळ्या जुन्या यादीवर सोडली. दोन दिवसांनी सीएसाहेबांचा फोन: "भिया, रिटर्नची मेल क्लायंटच्या स्पॅममध्ये का पडतेय?" सुक्याबरोबर ओलंही जळलं होतं.

मेल येण्यासाठी वेगळा आयपी लागत नाही, हे आधी लक्षात घ्या. एकाच आयपीवर कितीही डोमेन राहतात. प्रत्येक डोमेनची एनक्रिप्शनची सर्टिफिकेटं वेगळी हवी असतील तर डोव्हकॉट नावावरून योग्य ते देतो, पोस्टफिक्सलाही 3.4 पासून ते जमतं. प्रश्न फक्त जाणाऱ्या मेलचा आहे, कारण मेल पाठवणाऱ्याची पत (रेप्युटेशन) डोमेनसोबत आयपीच्याही नावावर जमा होते. दोन्ही डोमेनची मेल मोजकी असेल तर एकच आयपी ठेवा आणि इथेच वाचणं थांबवा.

दोन आयपी घेतलेच, तर रस्ते दोन.

पहिला: पोस्टफिक्स एकच. त्याच्या मास्टर.सीएफ या सेटिंगच्या फाइलमध्ये एसएमटीपी क्लायंटची (मेल बाहेर पाठवणाऱ्या भागाची) आणखी एक ओळ वेगळ्या नावाने लिहायची, तिला बाइंड ॲड्रेस (मेल कुठल्या आयपीवरून निघेल तो) आणि हेलोचं नाव (समोरच्या सर्व्हरला सांगायचं आपलं नाव) द्यायचं, आणि पाठवणाऱ्याच्या डोमेनवरून कोणती मेल कुठल्या ओळीतून जाईल याचा तक्ता करायचा. अर्ध्या तासाचं काम. पण तक्ता बघतो तो लिफाफ्यावरचा पत्ता, म्हणजे सर्व्हर एकमेकांना सांगतात तो पाठवणाऱ्याचा पत्ता. मेलमध्ये दिसणाऱ्या 'फ्रॉम'शी त्याला देणंघेणं नाही. क्लासच्या वेबसाइटचा फॉर्म वेब सर्व्हरच्या युजरच्या नावाने मेल सोडत होता, ती तक्त्यात न बसल्याने सगळी मुकाट्याने सीएच्या आयपीवरून निघाली. बाउन्सचा (न पोचलेल्या मेलच्या परतीच्या निरोपाचा) लिफाफा तर रिकामाच, त्याची नोंद वेगळी करावी लागते. शिवाय रांग एकच: जीमेलने क्लासची मेल रोखून धरली की तिचा ढीग सीएच्या मेलबरोबर एकाच रांगेत साचतो.

दुसरा रस्ता पोस्टमल्टी या पोस्टफिक्सच्याच साधनाचा, म्हणजे एकाच सर्व्हरवर दोन स्वतंत्र पोस्टफिक्स. सेटिंग वेगळी, रांग वेगळी. क्लासची रांग थांबवली तरी सीएला पत्ता लागत नाही. प्रत्येकाच्या इनेट इंटरफेस या सेटिंगमध्ये (कुठल्या आयपीवर ऐकायचं ते) एकच आयपी लिहिला की मेल निघतेही त्याच आयपीवरून, वेगळं बांधावं लागत नाही. अडतं ते दोन ठिकाणी. जुन्या पोस्टफिक्समध्ये तिथे 'ऑल' राहिलं असेल तर तो सगळ्या आयपींवरचं मेलचं 25 नंबरचं पोर्ट धरून बसतो आणि नवा उठतच नाही. आणि नवा तयार होतो तो बंद अवस्थेत, नेटवर्कवर ऐकणंही बंद ठेवून. ते आपण हाताने चालू करायचं. माझी एक अख्खी रात्र यात गेली, सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जायचं राहूनच गेलं.

रस्ता कुठलाही घ्या, प्रत्येक आयपीचं रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) होस्टिंगवाल्याकडून करून घ्यावंच लागतं, आणि ते नाव पुन्हा त्याच आयपीवर यायला हवं. नवा आयपी एसपीएफमध्ये (डोमेनची मेल कुठून निघू शकते त्या यादीत) घाला. डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) चावी डोमेनमागे वेगळी ठेवा. रोज पाच हजारांवर मेल जीमेलला जात असेल तर फेब्रुवारी 2024 पासून डीमार्क (या तपासण्यांत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) आणि जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढण्याची सोयही लागते. स्पॅमच्या तक्रारी तर मेल कितीही असो, 0.3 टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. याद्या जुन्या असतील तर दुसरा आयपीही वाचवणार नाही. ती मेल सरळ पैसे देऊन बल्क सेवेकडे द्यावी.

मी शेवटी पोस्टमल्टी घेतलं. डागाळलेला जुना आयपी क्लासकडेच ठेवला, कमाई त्यांचीच होती. नवा कोरा सीएसाहेबांना दिला. त्यांची मेल दिवसाला चाळीस-पन्नास, त्यामुळे पत जमायला वेळ लागला नाही.