वास्तुशांतीला नळाचे पाणी की बाटल्या?

धाकट्या बहिणीच्या वास्तुशांतीला पाण्याच्या बाटल्यांचे खोके मागवावेत की नळाचेच पाणी द्यावे, असा तिचा प्रश्न आहे.

खर्चाबाबत फार बोलायला नको. पाणीपट्टी भरलेलीच असते. पर्यावरणाचा मुद्दा मात्र मला अधिक महत्त्वाचा वाटतो. उजनी धरणाचे पाणी जलवाहिनीने सोलापुरात येते, तर बाटलीसाठी खनिज तेलापासून प्लॅस्टिक तयार करून पाणी ट्रकने वाहावे लागते. आणि पंगत उठल्यावर अर्ध्या भरलेल्या बाटल्या खुर्च्यांखाली पडलेल्या पाहून, दुष्काळ सोसलेल्या या जिल्ह्यात, जीव तुटतो.

नळाच्या पाण्याला कष्ट मात्र आहेत. ते काही दिवसांआड येते आणि साठवणीत त्यातील क्लोरीन कमी होत जाते, म्हणून आदल्या दिवशी ते गाळून, उकळून, धुतलेल्या पिंपात झाकून ठेवावे व ओगराळ्यानेच काढावे.

घरच्या कार्याला, मदतीचे हात असतील तर, नळाचे पाणी आणि स्टीलचे पेले योग्य. मनुष्यबळ नसेल, तर सीलबंद २० लिटरचे जार घ्यावेत. ते परत जाऊन पुन्हा भरले जातात. छोट्या बाटल्या प्रवासाला निघालेल्या पाहुण्यांपुरत्याच ठेवाव्यात.