फुल बॉडी चेकअप पॅकेज: कलेक्शन मस्त, पण ताईच्या रिपोर्टातल्या लाल आकड्याने झोप उडवली

आधी चांगलं सांगते. सकाळी सातला लॅबचा मुलगा घरी हजर, ताईची शीर पटकन सापडत नाही तरी एकाच टोचण्यात रक्त काढलं, संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर. पूर्ण मार्क. पण रिपोर्ट ज्या पद्धतीने पाठवतात ते मला अजिबात पटलं नाही.

सत्तर टेस्ट, चार आकडे लाल, त्यातला एक सीए-१२५ (हा ट्यूमर मार्कर, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारा पदार्थ), आला ४१, नॉर्मल ३५ पर्यंत. पुढे नुसतं 'हाय', बस. ताईने गूगल केलं, कॅन्सर शब्द दिसला आणि ती रात्री जेवलीच नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या काकू मागच्या वर्षी अंडाशयाच्या कॅन्सरनेच गेल्या, त्यामुळे सगळ्यांच्या डोळ्यासमोर त्याच. जे पटकन आठवतं तेच जास्त घडतं असं आपल्याला वाटतं, कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ सालीच हे लिहून ठेवलंय. आकडा लाल येऊन पुढे काहीच न निघालेल्या बायका कुणाला आठवणार, त्यांचं कोण कुणाला सांगत बसतं!

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी कागदावर हिशोब मांडला. समजा १००० बायकांत एकीलाच आजार आहे आणि टेस्ट १०० निरोगी बायकांतल्या ५ जणींना चुकून लाल दाखवते, तर साधारण ५१ जणी घाबरणार, आजारी त्यातली एकच. शिवाय पाळी चालू असताना किंवा फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी) असले तरी सीए-१२५ वाढू शकतं, ताईची तेव्हा पाळी होती आणि रक्त घेताना कुणी विचारलंच नाही. आणि बऱ्याच टेस्टची नॉर्मल रेंज अशी ठरवतात की निरोगी लोकांतले मधले ९५ टक्के तिच्यात बसतील, म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट केल्या तर धडधाकट माणसाचाही निदान एक आकडा बाहेर जायची शक्यता ६४ टक्के. इथे तर सत्तर!

सोनोग्राफी नॉर्मल, सहा आठवड्यांनी टेस्ट परत केली तर २२. मधल्या काळात लॅबचे तीन फोन, कॅन्सर पॅकेजवर आज सूट आहे म्हणून. घाबरलेल्या माणसाला असं विकू नका हो प्लीज.

शुगर, हिमोग्लोबिन, थायरॉईडसाठी यांनाच परत बोलवेन. ट्यूमर मार्करवालं पॅकेज मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका. लक्षणं असतील किंवा आई, बहीण, मावशी कुणाला हा कॅन्सर झालेला असेल तर वरचा हिशोब लागू नाही, मग पॅकेज बघत न बसता सरळ डॉक्टरकडे जा. ३ स्टार, तेही त्या कलेक्शनवाल्या मुलामुळे.