लॅपटॉपसाठी डीडीआर४ रॅम, ८+८ जीबीची जोडी: घ्या, पण ३२०० आकड्यासाठी नको

रॅम चांगली आहे (डीडीआर४ ही रॅमची एक पिढी). पाचपैकी चार तारे. एक कापला तो पाकिटावर ठळक छापलेल्या ३२०० या वेगाच्या आकड्यासाठी. माझ्या प्रोसेसरची मर्यादा २४००, त्यामुळे रॅमची कार्डं मुकाट्याने २४०० वरच चालतात. टास्क मॅनेजर तेच दाखवतो. ही अट पाकिटाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत आहे.

तरीही पैसे वसूल झाले, ते दुसऱ्याच कारणाने. मी पुस्तकांची मांडणी करते. चित्रांनी भरलेली फाइल, फोटोंचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर एकदम उघडले की आधीची ८ जीबी भरायची आणि साधं पान पुढे सरकवायलाही लॅपटॉप कुंथायचा. आत एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी वेगवान डिस्क, असूनही! रॅममध्ये न मावलेलं विंडोज एसएसडीवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसं परत आणतं. रॅममधून काही आणायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात, एसएसडीवरून पन्नास-शंभर मायक्रोसेकंद (एक मायक्रोसेकंद म्हणजे हजार नॅनोसेकंद). शेकडो पटींचा फरक आहे हा.

दोन्हींची घडणच वेगळी. रॅमचा एक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर (विजेचं बटण) आणि एक इवलासा कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग). त्यातला चार्ज सारखा गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सगळ्या ओळी नव्याने भराव्या लागतात. वीज गेली की सगळं साफ. एसएसडीतल्या फ्लॅश चिपांमध्ये चार्ज इन्सुलेशनच्या आड कोंडलेला, म्हणून वीज नसतानाही टिकतो. पण खोडायचं तर अख्खा ब्लॉक खोडावा लागतो, आणि दर वेळी ते इन्सुलेशन थोडं झिजतं. रॅमची कमी एसएसडीवर भागवा म्हणणाऱ्यांचं मला म्हणूनच पटत नाही. (प्रोसेसरमधली कॅश, म्हणजे त्याची स्वतःची छोटी मेमरी, या दोन्हींहून वेगवान, पण तिला एका बिटाला सहा ट्रान्झिस्टर लागतात, म्हणून ती मोजकीच मिळते.)

पाकिटावर सीएल२२ वाचून दचकू नका. सीएल म्हणजे पहिला डेटा यायला रॅमच्या घड्याळाचे किती ठोके लागतात तो आकडा; वेग वाढला की ठोका छोटा होतो. जुन्या पिढीच्या डीडीआर३-१६०० चं सीएल११ आणि डीडीआर४-३२०० चं सीएल२२, दोन्हींचा हिशेब १३.७५ नॅनोसेकंदच येतो. पिढी बदलली तरी पहिला डेटा हाती यायला तेवढाच वेळ. वाढला तो त्यानंतरचा डेटाचा ओघ.

ओघासाठी जोडी घेतलेली बरी. २४०० वर एका चॅनेलचे (रॅम ते प्रोसेसर डेटाचा रस्ता) सेकंदाला १९.२ जीबी, दोन कार्डांनी दोन्ही चॅनेल भरले की ३८.४. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर फरक तिथे जास्त जाणवतो, कारण चित्रंही याच रॅममधून जातात.

बसवणं सोपं. खाच जुळवून तिरकं सरकवायचं, खाली दाबलं की दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसतात. पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन थोडा वेळ काळी राहिली, तेवढं चालतं.

घेण्याआधी नेहमीचं काम उघडून टास्क मॅनेजरमध्ये मेमरी किती भरते ते बघा. निम्मी रिकामीच असेल तर ही जोडी टाकून फारसं काही हाती लागणार नाही. आणि लॅपटॉप डीडीआर५ चा असेल तर कार्ड बसणारच नाही, खाचेची जागाच वेगळी आहे.